फणसाची फळी

टेम्पोतून उतरवलेलं ते झाकण बाबल सुताराच्या शेडसमोर धप्पकन पडलं, तेव्हा बाबलाला वाटलं, टेम्पोतला पोरगा पत्ता चुकला. वाटणारच हो! राजिवड्याच्या खाडीकाठी बोटींची कामं करणारे सुतार काय कमी आहेत? वीस-बावीस वर्षं झाली, बोटवाले बाबलाच्या शेडवरून जायचे ते मान पलीकडे करून. त्याच्याकडे कामं यायची ती दाराखिडक्यांची, लग्नातल्या पलंगांची, गणपतीच्या मखरांची. मोडकं वल्हंसुद्धा कुणी त्याच्या दारात टाकत नव्हतं.

"बाबलकाका, हे मासळीच्या खणाचं झाकण," पोरगा हात झटकत म्हणाला. "काल माझा पाय आरपार गेला. थोडक्यात वाचलो. असंच्या असं नवं करून द्या, पण लवकर. बोट उभी आहे धक्क्याला."

"कुणाची बोट?"

"आमचीच की. 'बिस्मिल्ला'. मी अद्नान, अझीमचा मुलगा."

बाबलाने त्याला नीट न्याहाळलं. अझीमचा मुलगा मुंबईला कुठल्याशा गोदामात कामाला होता, तो परत येऊन बापाच्या बोटीवर जायला लागला होता, हे त्याने ऐकलं होतं. पण अझीमने पोराला बाबलाकडे पाठवावं? ज्या अझीमने इतक्या वर्षांत रस्त्यात भेटल्यावर 'काय बाबल, बरा ना' एवढंही विचारलं नव्हतं, त्याने?

"अझीमशेठ कुठे आहेत?"

"मुंबईला, बहिणीकडे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी फोनवर सांगितलं, मिरजोळ्याला जाऊन फायबरचं झाकण सांग. तर तिथला माणूस म्हणतो नंबर लागेल तेव्हा. तोवर बोट काय धक्क्यावर पुजत ठेवू? येता येता तुमचा बोर्ड दिसला, म्हटलं इथेच टाकू."

पोरगा गेला. आत चुलीशी बसलेली सावित्री सगळं ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि झाकणाकडे न बघता नवऱ्याकडे बघायला लागली.

"बोर्ड दिसला म्हणे! इतकी वर्षं काय मी त्या बोर्डावर लुगडं वाळत घालत होते? मेल्यांना आजच दिसला?"

"नवीन पोर आहे. त्याला काय ठाऊक."

"पोराला नसेल. बापाला आहे ना? बघा हां, कुठेतरी पाणी मुरतंय. उद्या झाकणाला काही झालं तर परत तुमच्याच नावाने बोंब."

सावित्री उगाच नव्हती बोलत. तिच्या नवऱ्याचं नाव एकदा एका झाकणापायीच बुडालं होतं, आणि ते वर यायला काही तयार नव्हतं.

ती हकीकत अशी. बाबलाचा एक दोस्त होता, जमाल. हसरा, बडबड्या, कामाला वाघ. त्याची 'रहेमत' आणि अझीमची 'बिस्मिल्ला' या दोन्ही बोटी एकाच मेस्त्रीने एकाच वर्षी बांधलेल्या, खणसुद्धा एकाच मापाचे. जमालच्या खणाचं झाकण जुनं झालं, म्हणून त्याने बाबलाला नवं करायला सांगितलं. बाबलाने सागाचं करायला घेतलं. मधली एक फळी कमी पडली. जमाल म्हणाला, थांब, माझ्या परसातला फणस पडलाय, त्याची फळी आहे चिरलेली आणि चांगली वाळलेली. बाबलाने ठोकून, वास घेऊन, उलटसुलट करून बघितली आणि घातली. फणसाचं लाकूड काही वाईट नव्हे. आपल्याकडे घरांचे खांब फणसाचे असतात.

झाकण बसवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जमाल बोट घेऊन जयगडला निघाला. खलाशी तिथे चढणार होते, म्हणून इथून एकटाच. वारा होता, पण असा काही घाबरण्यासारखा नव्हता. जमाल जयगडला पोचला नाही. बोटही पोचली नाही. लोक शोधायला गेले, सगळ्यांत पुढे अझीम होता. दर्यावर तेलाचा तवंग नाही, डबा नाही, दोरी नाही, काही म्हणजे काही सापडलं नाही.

मग सुटल्या जिभा! वारा एवढा नव्हता तर बोट बुडाली कशी? आणि बुडाली तर काहीच तरंगत कसं आलं नाही? कुणीतरी शोध लावला की बाबल्याने साग सांगून फणस घातला, ती फळी लाटेने फुटली, खण भरला आणि बोट दगडासारखी सरळ खाली गेली. झालं! लोकांना तेवढंच हवं होतं. फणसाची फळी जमालनेच आणून दिली, हे बाबल सांगायचा तेव्हा समोरचा माणूस जमिनीकडे बघायचा. साक्ष द्यायला जमाल होता कुठे? त्याची बायको झुबेदा होती, तिला ठाऊक होतं फळी कुठली ते. पण तान्ही मुलगी मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेल्या बाईला जाऊन कुणी विचारायचं, की बाई, फणस तुमच्या परसातला ना?

लोकांचं एक वेळ सोडा. खरी पंचाईत अशी झाली की हळूहळू बाबलालाच वाटायला लागलं. फळीला गाठ होती का? कडेला बारीकशी चीर दिसली होती आणि आपण कानाडोळा केला, असं तर नाही? जेवताना, आंघोळ करताना, बाजारात वांगी निवडताना तो विचार डोक्यात यायचा. आपल्या हातांनी दोस्ताला मारलं की काय, या संशयाने माणूस आतून पोखरून निघाला. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती फळी फुटली होती की नव्हती हे कळायला हवं होतं. आणि ते सांगणारं झाकण तर दर्याच्या तळाशी!

तर आता हे अझीमचं झाकण. नको म्हणावं असं त्याला दोनदा वाटलं. पण बोटीचं काम दारात आलं होतं, आणि हात शिवशिवत होते. त्याने झाकण पालथं घातलं आणि माप घ्यायला म्हणून खालचा रंग खरवडायला घेतला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा निळा. दरवर्षी कुणीतरी मोठ्या निगुतीने रंग थापला होता. तो रंग निघाला आणि लाकडावर तासल्याचे, वाकसाचे घाव दिसले. डावीकडे झुकलेले घाव.

बाबल डावखुरा. आख्ख्या खाडीकाठी डावखुरा सुतार एकच, आणि तो हाच. त्याला आधी हसू आलं. अरे, हे तर माझंच काम! पूर्वी कधी अझीमला करून दिलं असेल. पण अझीमला कधी दिलं होतं? आठवेना. तो आठवत राहिला आणि हात मधल्या फळीवर गेला. रंग निघाला तसं पिवळं, तांबूस पिवळं लाकूड वर आलं.

बाबलाने पटाशी खाली ठेवली. तो तिथेच भुशात बसला.

"सावित्री," त्याने हाक मारली, "आधी दार लोटून घे."

सावित्री आली, बघितलं, आणि तिला कळायला फार वेळ लागला नाही. असं झाकण त्याने एकच केलं होतं. ती खाली बसून फळीवर इकडून तिकडे हात फिरवायला लागली.

"फुटली नाही?"

"तडासुद्धा नाही गो. पोराचा पाय गेला तो कडेच्या सागातून. साग कुजला. फणस जसाच्या तसा."

ती रडायलाच लागली. रडता रडता म्हणाली, "चला, आत्ताच्या आत्ता मच्छीबाजारात घेऊन चला. एकेकाच्या नाकासमोर धरते. शिरा पडो त्यांच्या तोंडावर!"

बाबलालाही उठावंसं वाटलं. असा हलकेपणा त्याला किती वर्षांत वाटला नव्हता. पण उठता उठता तो थांबला, कारण एक भलताच विचार मनात शिरला. हे झाकण अझीमच्या बोटीवर आलं कुठून?

शोधायला सगळ्यांत पुढे कोण गेलं होतं? अझीम. दर्यावर काहीच नाही, असं येऊन कुणी सांगितलं? अझीमने. आणि त्याच अझीमच्या बोटीवर बुडालेल्या बोटीचं झाकण, वरून रंगाचे थर देऊन, इतकी वर्षं बिनबोभाट!

"त्या दोघांचं जाळ्यावरून वाजलं होतं ना?" सावित्री डोळे पुसत हळूच म्हणाली. "बोलत नव्हते एकमेकांशी."

"होतं खरं."

"मग? बोटीला बोट घातली असेल मुडद्याने. नाहीतर बुडताना बघून तसाच पुढे गेला असेल."

बाबलाने खिशातून मोबाइल काढला. त्याने अद्नानला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की झाकण कधीचं आहे, जुनं माप मिळेल का. पोरगा म्हणाला, मी लहान होतो तेव्हापासून आहे. आणि हसत पुढे म्हणाला, "अब्बांचा फार जीव त्याच्यावर. दुसऱ्या कुणाला रंगवू द्यायचे नाहीत. आज सांगितलं त्यांना, तुमच्याकडे टाकलंय म्हणून, तर गप्पच झाले. म्हणाले, निघतोच."

डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस एका झाकणासाठी मुंबईहून निघतो! बाबलाने झाकण आतल्या खोलीत, भाताच्या कणगीमागे नेऊन ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अझीम स्टेशनवरून थेट शेडवरच आला. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा लाल, हातात पिशवी तशीच. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"झाकण कुठाय?"

"फोडलं," बाबलाने ठोकून दिलं. "कुजलेलं होतं. चुलीत घातलं." आणि तो अझीमच्या तोंडाकडे बारीक नजरेने बघत राहिला.

अझीम स्टुलावर बसला. त्याला बरं वाटलं की वाईट वाटलं, ते काही कळेना. उघड्या डोळ्यातून पाणी आलं, ते ऑपरेशनमुळे की कशामुळे, तेही कळेना.

"जळलं?" त्याने विचारलं. "सगळं?"

"मला सांग, ते तुझ्याकडे आलं कुठून?"

"जयगडला मिळालं. भंगारात."

"कधी?"

"झाली बरीच वर्षं. जुन्या लाकडाचं काय एवढं?"

"मधली फळी फणसाची होती, अझीमशेठ."

अझीमने मान खाली घातली. बाबलाचा तोल सुटला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम तोंडात आलं.

"तू शोधायला गेला होतास! तू येऊन सांगितलंस काही सापडलं नाही! मला लोक खुनी म्हणत होते, आणि तू माझ्या समोरून जायचास, ते झाकण आपल्या बोटीवर घालून! काय केलंस तू जमालचं? बोल!"

"मला विचारू नको, बाबल. मी कसम घेतलीय."

"कुणाची कसम?"

अझीमने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी पोलिसांत जातो."

"जा," अझीम म्हणाला. तो खरंच थकलेला दिसत होता. "मच्छीबाजारात जाऊन सांग, जमातीत सांग, मी अडवत नाही. पण झुबेदाकडे जाऊ नको. तुझ्या पाया पडतो, एवढं कर." आणि तो खरोखरच वाकला.

बाबलाने पाय मागे घेतले. पोलिसांना न भिणारा माणूस एका बाईला भितो म्हणजे काय? तिच्याच नवऱ्याचं रक्त हाताला लागलं असणार, दुसरं काय! बाबलाच्या मनातला उरलासुरला संशयही फिटला. अझीम गेल्यावर त्याने सावित्रीला सांगितलं, मी झुबेदाकडे जातो.

आता सावित्रीच कचरली. "अहो, पण तिच्या गळ्यातली पोत तुम्ही उतरवणार?"

तेही खरंच होतं. जमालचं प्रेत मिळालं नाही, खूण मिळाली नाही, म्हणून मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं की माणूस बेपत्ता आहे, मेला असं म्हणता येत नाही. त्यामुळे मयताची नमाज-ए-जनाजा झाली नाही, झुबेदा विधवेच्या इद्दतला चार महिने घरात बसली नाही, गळ्यातली काळी पोत गळ्यातच राहिली. अधूनमधून कुणी येऊन सांगायचं की जमालला मस्कतच्या बंदरात बघितला, कुणी म्हणायचं कराचीच्या तुरुंगात आहे. ती ऐकून घ्यायची. वाट बघणारी बाई म्हणून मोहल्ल्यात तिला मान होता. आता हे झाकण तिच्यासमोर टाकायचं म्हणजे तिला सांगायचं, की बाई, आता वाट बघू नको.

"आणि माझी मान?" बाबल म्हणाला. "मी किती वर्षं खाली घालून फिरायचं? तिलाही कळू दे ना आपल्या नवऱ्याचं काय झालं ते. रस्त्यात मी दिसलो की ती गल्ली बदलते. तिलाही वाटत असणार मीच मारला. ते तरी पुसलं जाईल."

त्याने ओळखीच्या टेम्पोत झाकण घातलं, वर ताडपत्री बांधली आणि निघाला. वाटेत धक्क्याच्या वळणावर माणसं उभी होती. त्यांनी सवयीने मान फिरवली. बाबल मनात म्हणाला, थांबा मेल्यांनो, थांबा जरा.

झुबेदा पडवीत सुपात जवळा निवडत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासू-सासरे केव्हाच गेले होते, आणि तान्ही होती ती उमैमा आता जयगडला दिलेली, दोन पोरांची आई. बाबलाला दारात बघून झुबेदाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. इतक्या वर्षांत तो या दारात आला नव्हता.

"बाबलदादा? तुम्ही?"

"भाबी, जरा मन घट्ट करा. तुम्हाला एक दाखवायचंय." टेम्पोवाल्याने आणि त्याने मिळून झाकण ओट्याला टेकवलं. टेम्पोवाल्याला त्याने घालवून दिला आणि ताडपत्री ओढली.  ही आता किंचाळणार, कोसळणार, शेजारणी धावत येणार, हे सगळं त्याने मनात धरलं होतं.

झुबेदा उठली. जवळ आली. मधल्या फळीवरून तिने हात फिरवला, मग कडेच्या भोकात बोटं घातली.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "केवढं झिजलं हे."

बाबल बघत राहिला. हे कसलं झाकण, कुठून आणलं, असं काहीच तिने विचारलं नव्हतं. झिजलं म्हणाली. आधी कसं होतं ते ठाऊक असल्याशिवाय झिजलं असं कोण म्हणतं?

"भाबी," त्याने विचारलं, "तुम्ही हे बघितलंय?"

ती ओट्यावर बसली.  मग बोलली ती त्याच्याकडे न बघता, झाकणाकडे बघत.

"अझीमभाईंना दर्यात सापडलं. शोधायला गेले होते तेव्हाच. झाकणाच्या दोरीला यांच्या शर्टाची बाही गाठ मारून बांधलेली होती. यांनी स्वतःला बांधून घेतलं असणार. पुढे शर्टातून निसटले. शर्ट होता, हे नव्हते."

"आणि अझीम येऊन म्हणाला काही सापडलं नाही!"

"मी सांगितलं म्हणून. ते आधी मागच्या दाराने माझ्याकडे आले होते, शर्ट पिशवीत घेऊन. मी त्यांना उमैमाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. जिवात जीव असेतो बोलायचं नाही म्हटलं."

"पण का?" बाबल जवळजवळ ओरडलाच.

"माझे भाऊ मंडणगडहून येऊन याच ओट्यावर बसले होते, दादा. जमाल गेला असं ठरलं असतं तर इद्दत झाल्या झाल्या मला घेऊन गेले असते. दुसरं घर बघूनही ठेवलं होतं. आणि सासरे म्हणत होते, सून गेली तर जाऊ दे, पोरगी आमच्या रक्ताची, ती इथेच राहील. दूध पिणारी पोर होती माझी. मी बेवा झाले असते तर ती माझी राहिली नसती. नवरा बेपत्ता असलेल्या बाईला कुणी उचलून नेत नाही." तिने ओढणीने डोळे टिपले. "शर्ट मी परसात पुरला. एकटीनेच माती दिली. झाकण जाळून टाका म्हटलं, तर अझीमभाईंचा हात उठेना. माणूस ज्याच्या आधाराने शेवटपर्यंत तरंगला ते मी जाळू कसं म्हणाले. आपल्याच बोटीवर घातलं."

बाबल खाली बसला. म्हणजे फळी फुटली नव्हती, एवढंच नव्हे. त्याच्या झाकणाने जमालला धरून ठेवलं होतं. त्याला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग मोठा होता.

"आणि मी?" तो म्हणाला. "माझं काय? तुला ठाऊक होतं फळी तुझ्या परसातली. तुला ठाऊक होतं झाकण साबूत आहे. मला एकट्याला सांगायचंस! मी काय गावभर केलं असतं? तुझ्या पोरीसाठी मी जन्मभर तोंड शिवून बसलो असतो गो. लोकांच्या शिव्या हसत खाल्ल्या असत्या. पण मला कळलं तरी असतं, की मी मारला नाही त्याला!"

"ठाऊक होतं मला," झुबेदा म्हणाली. आता तिने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही गप्प बसला असतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तुम्ही ताठ मानेने गप्प बसला असतात. लोक म्हणाले असते, बाबल एवढा निवांत कसा? याला काहीतरी माहीत आहे. मग शोधाशोध झाली असती. तुमची खाली गेलेली मान बघितली, आणि लोकांची खात्री पटली की फळी फुटली, बोट तळाला गेली, शोधण्यासारखं काही उरलं नाही. कुणी परत विचारलं नाही. दादा, माझी पोर तुमच्या खाली गेलेल्या मानेवर वाढली. म्हणून मी गल्ली बदलायची. मला तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

कुणाचा तरी कोंबडा पडवीत शिरून सुपातला जवळा टिपायला लागला होता. दोघांनीही त्याला हाकललं नाही.

"माफ करा म्हणायला मला तोंड नाही," ती म्हणाली.

"मग म्हणू नका," बाबल म्हणाला आणि उठला.

त्याच दुपारी झुबेदा धक्क्यावर आली. बोटी लागल्या होत्या, मासळीचा लिलाव रंगात होता, आणि बायका सहसा जिथे उभ्या राहत नाहीत तिथे ती उभी राहिली. अझीम तिच्यामागे. तिने काही लपवलं नाही. शर्ट, कसम, झाकण, फणस कुणाच्या परसातला तो, सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. लिलाव थांबला. बायका रडल्या, म्हातारे खाली बघत राहिले. पुढच्या जुम्म्याला जमालसाठी नमाज झाली, आणि झुबेदाने आपल्या हाताने पोत काढून पेटीत ठेवली. तिला नावं ठेवणारेही निघालेच, निघायचेच.

आणि बाबलाच्या शेडवर तर जत्रा! मान फिरवणारे सगळे पुढे होऊन हात धरायला लागले. "अरे बाबल, आम्ही कधी म्हटलं होतं रे तसं? आम्हाला तर पहिल्यापासून वाटत होतं." सावित्रीने एकेकाला असा काही चहा पाजला की त्याबरोबर दोन शब्द ऐकूनच जावं लागलं. कुणी सुकाणूचं काम आणलं, कुणी वल्ही. बाबलाने सगळं बाजूला ठेवलं आणि आधी 'बिस्मिल्ला'चं झाकण केलं. चांगला वाळलेला साग, कडेला जाड रबर, खाली आडव्या पट्ट्या, सगळं मनासारखं.

ते बसवायला तो स्वतः बोटीवर चढला. किती वर्षांनी बोटीची फळी पायाखाली आली. झाकण चौकटीत बसलं तसं अद्नानने वर उडी मारून बघितली, मग आणखी एक मारली आणि म्हणाला, "काका, यावर हत्ती नाचवला तरी हलायचं नाही!" बर्फ भरलेला होता, खलाशी चढले होते, अझीमने इंजिनसुद्धा सुरू करायला सांगितलं. बाबल मात्र उतरेना. गुडघे टेकून तो एकेक सांध्यात डोळा घालून बघत होता, आत उजेड दिसतोय का म्हणून. मग खणात उतरला आणि खालून बघितलं. वर आला आणि पुन्हा तोच कोपरा तपासायला लागला.

"बाबल, उतर आता," अझीम म्हणाला. "ओहोटी लागली, पुढे बोट टेकेल."

"थांब. हा सांधा उकलून परत बसवतो."

"अरे, सकाळपासून बघतोयस! आता तुझ्या कामावर कोण संशय घेतोय?"

"मी," बाबल म्हणाला, आणि त्याने पिशवीतून पटाशी काढली.